उजव्या हाताला लागलेली गाठ

डॉक्टरांनी आयुष्यभर घोडे तपासले, पण त्यांच्या वाट्याला आले ते पोटदुखीचे, जंतांचे आणि खुरात खिळा घुसलेले. दुर्मिळ गाठी, बिघडलेली यकृतं, पुस्तकात छापावीत अशी दुखणी सगळी दुसऱ्यांच्या दारी जायची. परिषदेत इतर डॉक्टर पडद्यावर गाठींची चित्रं दाखवत, तेव्हा हे मागच्या रांगेत बिस्किटं खात बसत आणि मनात म्हणत, आपल्या नशिबात लीदच.

म्हणून बदामीच्या पोटात ती गाठ बोटांना लागली, तेव्हा त्यांना आधी झाला तो आनंद. दुःख मागाहून आलं, तेही बोलावणं धाडल्यावर.

बदामी ही घोडेस्वारीच्या शाळेतली घोडी. मुलं पोटाखालून गेली तरी कान न हलवणारी. पण गेले काही महिने ती माजलेल्या नर घोड्यासारखी खिंकाळत होती, शेजारच्या घोड्यांवर धावून जात होती, आणि आता तिनं शाळेच्या बाईंचाच दंड दातांत धरला होता.

घोड्याचं पोट तपासायची जुनी रीत अशी की, खांद्यापर्यंत हातमोजा चढवायचा, शेपटीखालून हात आत घालायचा आणि चाचपून एकेक अवयव ओळखायचा. डॉक्टर हे काम कायम डाव्या हातानं करत. पण त्यांचा डावा खांदा मध्यंतरी असा आखडला की सदरा चढवायलाही बायको लागायची. तेव्हा त्यांनी उजवा घातला. कण्याखाली डाव्या बाजूला, खूप आत, तळव्यात भरेल अशी घट्ट, गुळगुळीत गाठ लागली.

"मूत्रपिंडाजवळ गाठ आहे, बाई. फार दुर्मिळ. अशा गाठी रक्तात भलतंसलतं सोडतात, म्हणून ही चावते."

"काढता येईल?"

"तिथली नाही. आणि आज तुम्हाला चावली, उद्या एखाद्या मुलाला चावेल. हाल होण्याआधी तिला कायमचं झोपवलेलं बरं. मुलं गेली की संध्याकाळी इंजेक्शन घेऊन येतो."

बाई बराच वेळ बदामीच्या आयाळीतली गवताची काडी काढत राहिल्या. मग म्हणाल्या, "ते सोनोग्राफीवाले डॉक्टर आहेत ना, त्यांना एकदा दाखवू या का?"

"यंत्र कालचं पोर आहे," डॉक्टर म्हणाले. "हा हात चाळीस वर्षं घोड्यांच्या पोटात आहे." आणि त्यांनी हात वर केला. उजवा. तो बिचारा त्या दिवशी पहिल्यांदाच आत गेला होता.

घरी जेवताना ते गुणगुणत होते. बायकोनं विचारलं, "एवढे खूश? कुणाचा घोडा बरा झाला वाटतं."

"छे, मरणार आहे."

"अहो, मग तोंड तरी तसं करा," ती म्हणाली.

दुपारी एका तबेलेवाल्याचा निरोप आला, खच्ची केलेल्या घोड्याचं पोट फुगलंय. डॉक्टरांनी हात घातला, आणि तीच गाठ लागली. तीच जागा, तोच गुळगुळीतपणा. उभ्या जन्मात एक मिळाली नव्हती आणि आज एका दिवसात दोन. साथ आली की काय, असं क्षणभर त्यांना वाटलंसुद्धा. माणूस शहाणा असला की मूर्खपणाही पद्धतशीर करतो.

"तो शेजारचा आणा," ते म्हणाले.

"तो ठणठणीत आहे, डॉक्टर."

"असू दे. आणा."

ठणठणीत घोड्यालाही गाठ होती.

"काय लागलं?" तबेलेवाल्यानं विचारलं.

"मूत्रपिंड," डॉक्टर म्हणाले.

"मग ते नसायला हवं होतं का?"

डॉक्टरांनी मोजा उतरवला. डाव्या हाताला ते मूत्रपिंड वर्षानुवर्षं बोटांच्या टोकांना, ओझरतं लागलं होतं. उजव्या हाताचा अख्खा तळवा त्यावर बसला, आणि त्या अडाण्यानं त्याची गाठ करून टाकली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून काय वेगळं.

फुगलेल्या घोड्याला औषध पाजून ते तडक शाळेत गेले. बाई बदामीला खरारा करत होत्या. रडून त्यांचे डोळे सुजले होते.

"मुलं अजून आहेत," त्या वर न बघता म्हणाल्या. "थांबा थोडं."

"बाई, ती गाठ नाही. तिचं मूत्रपिंड आहे. चांगलं आहे. माझंच डोकं तपासायला हवं."

बाईंचा हात थांबला. "सकाळपासून मी हिची माफी मागतेय, डॉक्टर."

"हो."

"नुसतं हो काय म्हणता? मग ही चावते का?"

"उजवी बाजू मी नीट बघितलीच नाही. हा हात तिकडे वळत नाही. तिकडे डावाच लागतो."

"मग घाला की डावा."

"तो उचलत नाही."

"मी उचलते," बाई म्हणाल्या, आणि त्यात दया अजिबात नव्हती. डॉक्टरांनी मोजा चढवल्यावर त्यांनी खालून कोपराला आधार देऊन हात वर ढकलला. डॉक्टर असे कण्हले की बदामीनं मान वळवून बघितलं. तपासणी कुणाची चाललीय हेच तिला कळेना.

पण जुना हात तो जुना हात. डावीकडचं अंडाशय सुपारीएवढं आक्रसलेलं. उजवीकडचं टरबुजाएवढं.

"अंडाशयाची गाठ. नर घोड्याचे चाळे त्यातूनच येतात. ही बहुधा पसरत नाही. काढली की घोडी पूर्वीसारखी होते."

"नक्की?"

सकाळचे डॉक्टर असते तर हात वर केला असता. आता तो वर जातही नव्हता. "नाही," ते म्हणाले. "फोन माझ्या खिशात आहे, तेवढा काढा. सोनोग्राफीवाल्यांना बोलावू."

ते आले, यंत्र लावलं, पडद्यावर अंडाशयाच्या जागी पोकळ्यांनी भरलेलं मधाचं पोळं दिसलं. परवा शस्त्रक्रिया करू म्हणाले. जाताना त्यांनी डॉक्टरांची पाठ थोपटली, नेमकी आखडलेल्या खांद्यावर.

बाईंनी चहा आणला. डॉक्टरांचा डावा हात लोंबत होता आणि उजवा दिवसभराच्या पराक्रमानं थरथरत होता. कपातला चहा बशीत, बशीतला विजारीवर. बाईंनी कप काढून घेतला आणि त्यांच्या ओठांना लावला.

"प्या," त्या म्हणाल्या. "बोलू नका फक्त."

डॉक्टर मुकाट्यानं प्यायले.