निळ्या रांगेतली माणसं

इंग्लंडात इयर टेनच्या, म्हणजे साधारण नववीच्या मुलांना शाळा दोन आठवडे कुठेतरी काम शिकायला पाठवते. आश्लेषाच्या वर्गातली सोफी जनावरांच्या डॉक्टरकडे गेली, तिथे तिला पहिल्याच दिवशी एका आजारी सशाला मांडीवर घेऊन बसायला मिळालं. आश्लेषानं फॉर्म भरला शेवटच्या दिवशी, तोही बसमध्ये, गुडघ्यावर ठेवून. त्यामुळे तिच्या वाट्याला आलं स्वतःच्या आईचं ऑफिस.

त्या ऑफिसचं सरकारी नाव एका दमात म्हणता येण्यासारखं नव्हतं. घरात त्याला नदीखातं म्हणत. लंडनजवळच्या वॉटफर्ड स्टेशनच्या मागच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. काम एवढंच, की आसपासच्या नद्यांचं पाणी मोजत राहायचं आणि ते चढायला लागलं की काठावरच्या लोकांना फोन करून सांगायचं, बाबांनो, गालिचे उचला. आश्लेषाला वाटलं होतं, दोन आठवडे फोटोकॉपी काढण्यात जातील. पण ती गेली त्या सोमवारी सकाळी, दोन हजार सातच्या फेब्रुवारीत, लंडनहून एक पत्र आलं आणि सगळं ऑफिस चहाचे कप हातात धरून उभंच राहिलं.

पत्रात लिहिलं होतं, की वर्षाचा खर्च हाताबाहेर गेलाय, तेव्हा एकतीस मार्चपर्यंत पैसा बंद. पुढच्या सोमवारपासून सहा आठवडे, ज्यांच्यावाचून अडेल तेवढ्यांनीच कामावर यायचं. बाकीच्यांनी अर्ध्या पगारावर घरी बसायचं. माणसं त्रेसष्ट. कोण यायचं आणि कोण बसायचं, याचा आराखडा शुक्रवारी चारपर्यंत तयार हवा.

आणि आराखडे करणं हे आश्लेषाच्या आईचं, सुनीतीचं काम होतं. नऊ वर्षं नदीखात्यातल्या ड्यूट्या तीच लावत होती.

"सुनीती, तू यादी कर, मी सही करतो," साहेब माल्कम म्हणाला आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून बसला. दार लावून बसणं हेच त्याचं मुख्य काम आहे, असं आश्लेषाचं मत दुपारपर्यंत पक्कं झालं.

आईनं भिंतीवरचा पांढरा फळा पुसला. त्यावर तीन रांगा आखल्या, वरची लाल, मधली पिवळी, खालची निळी. प्रत्येक माणसाचं एक कार्ड होतं, नावाचं, मॅग्नेटनं चिकटवायचं. ती सगळी कार्डं तिनं टेबलावर पसरली आणि आश्लेषाला म्हणाली, "आता एकेक उचलायचं आणि एकच प्रश्न विचारायचा. हा माणूस आला नाही, तर कोणाचं काय बिघडेल, आणि किती दिवसांनी? आजच बिघडणार असेल तर लाल. आठवड्यात बिघडलं तर पिवळा, म्हणजे एक आठवड्याआड यायचं. महिन्यानं बिघडणार असेल तर निळा."

"निळा म्हणजे घरी?"

"निळा म्हणजे घरी."

"आई, पण हे मीन आहे, दुष्टपणाचं. म्हणजे तू त्यांना सांगतेस, की तुम्ही युजलेस आहात."

"नाही गं. मी सांगते, की तुम्ही नसलात तर त्रास होईल, पण उशिरा होईल. सगळ्यांचा त्रास लगेच होत नाही."

हे वाक्य आश्लेषाच्या डोक्यात कुठेतरी जाऊन अडकलं. का अडकलं ते तिला तेव्हा कळलं नाही.

आता बाबांबद्दल सांगायला हवं. आश्लेषाचे बाबा, शशिधर आगाशे, भूल देणारे डॉक्टर. चार वर्षांपूर्वी त्यांना कार्डिफच्या हॉस्पिटलात मोठी जागा मिळाली. आईची नोकरी इथे पक्की, आश्लेषाची शाळा इथे चांगली, म्हणून असं ठरलं की वर्षभर बघू. मग ठरलं, आश्लेषाचा अभ्यास मार्गी लागू दे, मग बघू. आता ठरलं होतं, की तिची सोळाव्या वर्षाची परीक्षा होऊ दे. बाबा एक शुक्रवार सोडून यायचे आणि रविवारी दुपारच्या ट्रेननं जायचे. मंगळवारी संध्याकाळी मात्र त्यांचा फोन न चुकता यायचा. वॉटफर्डला बुधवारी सकाळी कचरा उचलतात, एका आठवड्यात काळा बिन, दुसऱ्या आठवड्यात हिरवा. तिथे कार्डिफच्या फ्लॅटमध्ये त्यांनी कॅलेंडरवर इथल्या बिनांच्या खुणा करून ठेवल्या होत्या. "उद्या काळा आहे हं," ते सांगायचे. मग ते म्हणायचे, "बरं, ठेवू?"

दीडशे मैलांवरून माणूस घरातला एक बिन तेवढा बाहेर काढत होता.

शुक्रवार सकाळपर्यंत फळा भरला. आईनं आश्लेषाच्या हातात ऑफिसची छापील यादी दिली. "एकेक नाव वाच, फळ्यावर कार्ड आहे का बघ, टिक कर. साडेतीनला मी हे सगळं कॉम्प्युटरवर चढवणार. सोमवारी लाल आणि पिवळ्यांचेच पास दार उघडतील."

आई मीटिंगला गेली. आश्लेषा पेन घेऊन फळ्यापुढे उभी राहिली. यादी आडनावांच्या क्रमानं होती आणि पहिलंच नाव होतं आगाशे, सुनीती.

फळ्यावर आगाशे नव्हती. लाल रांगेत नाही, पिवळ्या रांगेत नाही, निळ्या रांगेतही नाही. आश्लेषानं कार्डं दोनदा मोजली. बासष्ट. टेबलाखाली वाकून बघितलं, फळ्याच्या मागे हात घालून बघितला. मग तिच्या लक्षात आलं, की कार्ड हरवलेलं नाही, कार्ड नव्हतंच कधी. ज्यांची ड्यूटी लावायची त्यांची कार्डं. आईची ड्यूटी कोण लावणार? ती रोज नऊला यायची आणि साडेपाचला जायची. नऊ वर्षं ती सगळ्यांना फळ्यावर लावत होती आणि स्वतः फळ्यासमोर उभी होती.

म्हणजे आपण गप्प बसलो, तर? साडेतीनला यादी कॉम्प्युटरवर जाईल. माल्कम सही करेल, तो काय वाचतोय. सोमवारी आईचा पास चालणार नाही. सहा आठवडे आई घरी. आणि पुढचा आठवडा हाफ-टर्मचा, शाळेच्या सुट्टीचा, वर्क एक्स्पीरियन्सचा दुसरा आठवडा त्यानंतर. आपण आणि आई सोमवारी दुपारीच ट्रेनमध्ये बसू शकतो.

ती यादी तशीच धरून खिडकीपाशी गेली. खाली स्टेशनात एक गाडी थांबून निघून गेली. आश्लेषाला बाबांचा फ्लॅट दिसायला लागला, ती तिथे फक्त दोनदा राहिली होती तरी सगळा दिसायला लागला. एक टेबल, दोन खुर्च्या. तिसरं माणूस आलं की बाबा इस्त्रीच्या टेबलापाशी उभे राहून जेवतात आणि म्हणतात, मला उभ्यानंच बरं वाटतं. कुकरची शिट्टी बिघडलेली, ती चमच्यानं दाबून धरायची. तिघं मिळून ती शिट्टी दुरुस्त करून आणू. कोपऱ्यावरच्या तळ्याला रोज एक फेरी मारू. बाबा घरी आले की दार उघडायला कोणीतरी असेल, आणि दार उघडलं की ते काय बोलतील तेच आश्लेषाला ठरवता येईना, कारण मंगळवार सोडून कुठल्याही साध्या वारी संध्याकाळी बाबा काय बोलतात, हे ती विसरूनच गेली होती.

तिनं यादीवरचं दुसरं नाव वाचलं आणि टिक केली. मग तिसरं. पहिल्या नावापुढची जागा रिकामी ठेवली.

जेवणाच्या सुट्टीत ती डोरीनच्या टेबलाशी बसली. डोरीन साठीची बाई, नकाशे सांभाळायची. तिचं कार्ड निळ्या रांगेत होतं, आणि ती आपल्या कुंड्या एका खोक्यात भरत होती.

"सहा आठवडे यांना पाणी कोण घालणार," डोरीन म्हणाली. "तुझी आई म्हणाली मी घालते. पण तिला स्वतःच्या चहात दूध घालायची आठवण राहत नाही."

"तुम्हाला राग नाही आला तिचा?"

"आला ना. बुधवारी ती दोन कप चहा घेऊन आली, इथेच, तू बसलीस तिथे बसली. म्हणाली, डोरीन, तुझी उणीव भासेल, पण हळूहळू." डोरीन हसली. "एकोणीस वर्षांत मला कोणी म्हटलं नव्हतं की माझी उणीव भासेल. हळूहळू का होईना."

आश्लेषा सँडविचचा कडेचा भाग तोडत राहिली.

"माझ्या आधीच्या नोकरीत असंच झालं होतं," डोरीन म्हणाली. "तिथे कोणी सांगितलंच नाही. सकाळी आले, दाराला पास लावला, दार उघडलं नाही. परत लावला. कोट घालून बाहेर उभी, हातात डबा. आतली पोरगी काचेतून माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे. त्यापेक्षा चहा बरा."

आश्लेषाला सोमवारची सकाळ दिसली. आई, तिचा तो बाटलीहिरवा कोट, आणि न उघडणारं दार. तिनं उरलेलं सँडविच डोरीनच्या खोक्यात ठेवलं, कुंड्यांच्या मधे, आणि उठली.

आईची मीटिंग संपली तेव्हा सव्वातीन झाले होते. आई फळ्यापाशी होती.

"आई, बासष्ट आहेत."

"काय बासष्ट?"

"कार्डं. माणसं त्रेसष्ट आहेत. तुझं कार्डच नाहीये."

आईनं फळ्याकडे बघितलं. मग हसली, मग हसता हसता खुर्चीत बसली. "नऊ वर्षं," ती म्हणाली. "तुला कधी कळलं?"

"सकाळी अकराला."

आईनं घड्याळाकडे बघितलं आणि मग आश्लेषाकडे. ड्रॉवरमधून एक कोरं कार्ड काढलं, पेन पुढे केलं. "लिही."

आश्लेषानं लिहिलं. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं.

"कुठे लावतेस?"

"निळ्यात."

"का?"

"कारण मग आपण बाबांकडे जाऊ."

"ते तुझं उत्तर झालं. फळ्याचा प्रश्न काय आहे?"

आश्लेषाला तो तोंडपाठ होता, हीच तर पंचाईत. सुनीती आगाशे आली नाही, तर कोणाचं काय बिघडेल, आणि किती दिवसांनी? तिला मंगळवार आठवला. दोघे जण तापानं पडले, तिकडे कोल्न नदी रात्रीत फूटभर चढलेली, आणि आई एका कानाला एक फोन, दुसऱ्या कानाला दुसरा, चाळीस मिनिटांत दोन बदली माणसं उभी करून मोकळी झाली होती. त्या दिवशी आई नसती, तर काठावरच्या कोणालातरी फोन गेला नसता. त्या घरातला गालिचा, कदाचित त्या घरातली म्हातारी.

ती कार्ड हातात धरून बराच वेळ उभी राहिली. आईनं घाई केली नाही. मग आश्लेषानं ते लाल रांगेत लावलं, स्वतःच्या हातानं, आणि मॅग्नेट जरा जास्तच जोरात दाबला.

"थँक्यू," आई म्हणाली.

"मला रडू येतंय, पण इथे नको."

"चालेल. घरी जाऊन रड."

माल्कमनं चारला न वाचता सही केली.

घरी मात्र आश्लेषा रडली नाही. ती स्वयंपाकघरात गेली, दप्तरातून एक कोरं कार्ड काढलं, ऑफिसातून आणलेलं, आणि त्यावर बाबांचं नाव लिहून फ्रिजवर लावलं. अगदी खाली, भाजीच्या कप्प्याच्या उंचीवर. आई भात लावत होती. तिनं वळून बघितलं.

"हे काय?"

"निळी रांग," आश्लेषा म्हणाली. "बाबा नसले तर काहीच बिघडत नाही ना. बॉयलर दुरुस्त होतो. बिन जातात. माझे मार्क पण चांगले आहेत. म्हणून आपण बघू म्हणतो. एक महिना गेला, मग अजून एक. आई, पण ते बिघडतंय. हळूहळू बिघडतंय, म्हणून कोणाला दिसत नाही."

आईनं कुकरचं झाकण हातातच धरलं होतं. ते तिनं ओट्यावर ठेवलं. ओल्या हातानं फ्रिजवरचं कार्ड काढलं, त्याच्या कडेला पाण्याचं बोट उमटलं, आणि वर, स्वतःच्या डोळ्यांच्या उंचीवर लावलं.

"एप्रिलमध्ये पैसा सुटेल," ती म्हणाली. "तेव्हा बदल्या उघडतात. कार्डिफला आपलं ऑफिस आहे. मी तीन वर्षांपूर्वी विचारून ठेवलं होतं."

"मग?"

"मग मीच म्हटलं, बघू."

तिनं कुकरला झाकण लावलं आणि मग फोन लावला. आज बाबांचा शुक्रवार नव्हता, ते ड्यूटीवर होते. पलीकडे रिंग वाजत राहिली आणि मग बाबांचा इंग्रजी आवाज आला, नाव सांगणारा, निरोप ठेवा म्हणणारा. इथे आई नेहमी फोन ठेवून द्यायची. मशीनशी काय बोलायचं, म्हणायची. आश्लेषा फोन बंद करायच्या बटणावरच्या तिच्या अंगठ्याकडे बघत होती.

"शशी," आई म्हणाली. "मी बोलतेय. मशीनवर बोलतेय, हसू नकोस." ती थांबली. भात शिजायला लागल्याचा वास येत होता. "मी सहा आठवडे लाल रांगेत आहे, मला येता येणार नाही. आशू उद्या सकाळच्या गाडीनं येतेय, हाफ-टर्मभर राहील. एप्रिलपर्यंत तिसरी खुर्ची आण. कुकरची शिट्टीही आण. आणि मोकळा झालास की फोन कर. बिनचं काही नाहीये. नुसताच कर."

तिनं फोन ठेवला. आश्लेषानं तो टेबलाच्या मधोमध सरकवला, दोघींच्या हाताला सारखाच येईल असा, आणि पानं घ्यायला उठली.