बुधवारची भाकरी

“अंबूबाई, आज भाकरी काय मऊ झालीय हो!” बुद्धभूषण म्हणाला, आणि तिथंच घात झाला.

अर्थात हे त्याला त्या दिवशी कळलं नाही. त्या दिवशी त्यानं नागलीची, म्हणजे नाचणीची, ती काळपट भाकरी मोडली, खुरासणीच्या चटणीला लावली आणि डोळे मिटून खाल्ली. चुलीमागं बसलेली अंबूबाई एवढी खूश झाली, की तिनं न विचारता दुसरी भाकरी त्याच्या ताटात टाकली.

“आमाला बरं कोनी असं वाढत नाय,” शेजारी बसलेला कंडक्टर पुंजा म्हणाला. “डायवरचेच लय लाड.”

“तुमी मागून खाता. दादा मागत नाय,” अंबूबाई म्हणाली.

सुरगाण्याच्या स्टँडमागं तिची कुडाची एक खोली होती, पुढं पत्रा ओढलेला, पत्र्याखाली दोन बाकडी. पाटी नव्हती, की मेनूकार्ड नव्हतं. नागलीची भाकरी, उडदाची डाळ, भात, चटणी, एवढंच तिथं मिळायचं. नाशिकहून सकाळी सातला सुटलेली एसटी सव्वादहाला पोचायची आणि साडेअकराला परत फिरायची. मधल्या वेळात बुद्धभूषण पगारे नावाचा हा सत्तेचाळीस वर्षांचा ड्रायव्हर तिथं जेवायचा. सुरगाण्याची फेरी त्याच्या वाट्याला फक्त बुधवारी यायची. उरलेले सहा दिवस तो बुधवारची वाट बघायचा, असं म्हटलं तर कुणी हसेल. पण ते खरं होतं.

दोन वर्षांपूर्वी तो स्टिअरिंगवर बसल्या बसल्या घामाघूम झाला, तेव्हा रक्त तपासलं. रक्त म्हणजे जवळजवळ पाणीच निघालं. कावीळ झाली म्हणून एकानं औषध दिलं, जंत म्हणून दुसऱ्यानं. शेवटी तिसऱ्या डॉक्टरनं घशातून नळी घालून आतड्याचा तुकडा काढला आणि सांगितलं, “सिलिॲक. गहू बंद.”

“किती दिवस?”

“जन्मभर.”

त्यावर बुद्धभूषण चक्क हसला होता. गहू बंद तर बंद, आपण काय राजेरजवाड्यांच्या घरचे आहोत? बाजरीच्या भाकरीवर आजा-पणजा जगले. पण गहू किती बिलंदर असतो, हे त्याला हळूहळू कळत गेलं. सातपूरच्या गिरणीत आधी गहू दळायचे आणि त्यावरच त्याची बाजरी टाकायचे. डबीतल्या हिंगात गव्हाचं पीठ निघालं. बायकोनं, स्नेहानं, घरघंटी आणली, तवा-परात वेगळी केली, हिंग फेकून दिला. पुढं पुढं तर तिनं घरात कणीक आणणंच सोडलं. “दोन दोन परातींचा घोळ कोण घालणार? आम्ही पण भाकरीच खाऊ,” म्हणाली. तिला पोळी फार आवडायची.

घरचं असं निभावलं. बाहेरचं मात्र संपलंच. ड्रायव्हरचं अर्धं आयुष्य बाहेर जातं, आणि बाहेर म्हणजे खाणं आलंच. एका मिसळवाल्याला त्यानं विचारलं, “पाव नको, पण फरसाणात मैदा आहे का? तर्रीत कुठला हिंग?” तो गल्ल्यावरून म्हणाला, “दादा, मिसळ खायचीय का माझी परीक्षा घ्यायचीय?” डोसा बरा म्हणावा, तर त्याच तव्यावर आधी रवा डोसा झालेला. हायवेवरच्या ढाब्यावर ज्वारीची भाकरी मिळाली, छान गोल, पांढरी. ती थापताना तुटू नये म्हणून कणीक घालतात, हे रात्रभर पोट धरून लोळल्यावर समजलं. कॉलेज रोडला ग्लुटेन फ्री बिस्किटं मिळतात असं ऐकून एकदा तिथंही गेला. बिस्किटं नागलीचीच होती. चवीला पुठ्ठा बरा.

यापेक्षाही वाईट म्हणजे नाही म्हणणं. चुलतभावाच्या मुलीच्या लग्नात त्यानं घरून आणलेला डबा उघडला, तेव्हा चुलतभाऊ सगळ्यांदेखत म्हणाला, “भूषण, सरकारी नोकरी लागली म्हणून आमचं अन्न चालेना होय रे?” बुद्धभूषणच्या हातातला घास हातातच राहिला. त्याच्या लहानपणी बापाला गावच्या हॉटेलात वेगळ्या कपातून चहा मिळायचा, आणि बापाच्या घरचं पाणी तर गावात कुणी पीत नसे. आईनं एकदा शाळेतल्या बाईंसाठी लाडू पाठवले, ते बाईंनी पोरांदेखत शिपायाला देऊन टाकले. तो डबा बुद्धभूषणनंच नेला होता. आपण मोठे झालो, की कुणाच्याही ताटाला नाही म्हणायचं नाही, असं त्यानं त्या वयात ठरवून टाकलं होतं. आणि आता त्याचं सगळं आयुष्य नाही म्हणण्यात चाललं होतं.

म्हणून अंबूबाईचं बाकडं. पहिल्या दिवशी त्यानं भीत भीत विचारलं होतं, “भाकरीत गहू नाही ना? मला गहू नको.” ती म्हणाली होती, “आमच्याकडं कुठला गहू? नागली आमची, शेतातली. जात्यावर दळते मी.” तो पोटभर जेवला. दुसऱ्या दिवशी पोट शांत. तिसऱ्या दिवशीही शांत. बाहेर बसून, चारचौघांत, काहीएक न विचारता खाता येतं अशी एक जागा त्याला जगाच्या पाठीवर सापडली. त्या आनंदात त्यानं डेपोतल्या लोकांना चहा पाजला.

दीड वर्ष असं चाललं. मग ती मऊ भाकरी आली, आणि दुखणंही परत आलं.

आधी वाटलं पाणी बाधलं. मग पोट रोजच फुगू लागलं, हातापायांना मुंग्या, डोक्यात धुकं. वजन सहा किलो उतरलं. पँट पट्ट्यानं आवळून घालावी लागे. संशय घ्यायचा तर कुणाचा? जे रोज घडतं त्याचाच माणूस घेतो. त्यानं स्नेहाचे डबे उघडून हुंगायला सुरुवात केली.

“ही डाळ कुठून आणली?”

“नेहमीच्या दुकानातून.”

“नीट निवडलीस? गव्हाचा दाणा राहिला असेल.”

“एकेक दाणा निवडलाय, भूषण.”

“मग मी काय हवेनं आजारी पडतोय?” तो ओरडला. “तुम्ही चोरून पोळ्या करता का घरात?”

स्नेहानं सगळे डबे खाली काढले, ओट्यावर ओळीनं मांडले आणि पाठ फिरवून रडली. दोन वर्षांत तिनं लग्नकार्यातसुद्धा पोळीला हात लावला नव्हता. तरी त्यानं माफी मागितली नाही. आजारी माणसाचा अहंकार फार चिवट असतो.

बुधवारी मात्र तो न चुकता जेवायचा. बुधवारची भाकरी तेवढी खात्रीची, असं तोच सगळ्यांना सांगायचा.

मग एका बुधवारी जाताना घाटात त्याच्या पोटात अशी कळ आली, की पाय ब्रेकवर आहे की नाही हे क्षणभर कळेना. समोरून जीप येत होती, माणसं टपावर बसलेली. गाडी कशीबशी डोंगराच्या अंगाला थांबली. पुंजा धावत पुढं आला.

“राव, मागं बावन्न मान्सं हायेत. सुट्टी टाका. नाय तर काय चुकतंय ते तरी शोधा.”

सुरगाण्याला पोचल्यावर बुद्धभूषण बाकड्यावर येऊन बसला. अंबूबाईनं ताट पुढं केलं. भाकरीला बोट लावलं तर कापसासारखी. स्नेहाची भाकरी थंड झाली की चामट व्हायची, तिला ही युक्ती सांगावी, तेवढंच भांडण मिटेल, असं काहीतरी त्याच्या मनात आलं.

“अंबूबाई, एवढी मऊ कशी करता हो? आमच्या घरी नाही जमत.”

अंबूबाई लाजली. पदरानं तोंड पुसत म्हणाली, “सांगू? मूठभर गव्हाचं पीठ घालते.”

पुंजाचा घास थांबला.

“रेशनला अलीकडं गहू मिळतो थोडका. सणाला ठेवतो आमी, पोरांनाबी देत नाय,” ती आपल्याच नादात सांगत होती. “तुमी पयल्या दिशी बोलले, गहू नको. मला कळलं. चांगला पाव्हणा नकोच म्हणतो, घरवाल्याला भार नको म्हणून. माझा बापबी असाच होता, भात वाढला की बोलायचा, नागलीच दे. मग मी आपली गुपचूप घालते. तुमच्या एकट्याच्या भाकरीत. तुमी बोलले ना, मऊ झाली?”

बुद्धभूषणला रडावं की हसावं कळेना. आयुष्यात इतक्या मानानं त्याला कुणी जेवू घातलं नव्हतं. त्यानं हातातला तुकडा सावकाश ताटात ठेवला. तो ठेवताना अंबूबाईचं लक्ष त्या तुकड्याकडेच होतं.

“अंबूबाई,” तो म्हणाला, “मी भिडेनं नव्हतो म्हणालो. मला खरंच गहू चालत नाही. आजार आहे. डॉक्टरनं सांगितलंय.”

“पोळी नाय ना दिली मी. मूठभर तर.”

“मूठभरही नाही चालत. चिमूटभरही नाही. दोन महिने झाले, मी...” तो थांबला. पण अर्ध्यावर थांबलेलं वाक्य पूर्ण वाक्यापेक्षा जास्त बोलतं.

“म्हंजे माझ्या हातचं खाऊन?” अंबूबाईनं विचारलं.

नाही म्हणावं, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण घाटातली ती जीप डोळ्यांपुढून हलत नव्हती. तो म्हणाला, “तुमची चूक नाही. तुम्हाला काय माहीत.” खिशातून त्यानं डॉक्टरचा कागद काढला. घडी उलगडून पुढं धरला. अंबूबाईला वाचता येत नव्हतं. तिनं कागदाकडे बघितलंही नाही.

“ऱ्हाऊ द्या, दादा. कळलं मला,” ती म्हणाली. तिनं ताट उचललं, भाकरी मोडली आणि बाहेर बांधलेल्या शेळीपुढं टाकली. “इथं एक मास्तर होता. त्याला बी डॉक्टरनं सांगितलं होतं. नर्सबाईंना उपास असायचा. आमच्या दारात आलं की समद्यांना कायतरी असतंच.”

“तसं नाही हो.”

“मी कुठं बोलते तसं?” ती म्हणाली, आणि पुंजाला डाळ वाढायला वळली.

त्या दिवशी घरी गेल्यावर त्यानं स्नेहाला सगळं सांगितलं. तिच्यापुढं हात जोडले. ती म्हणाली, “मला वाटलंच होतं, बाहेरचंच असणार.” मग जरा वेळानं तिनंच विचारलं, “बाईला फार लागलं का?” तिनं त्या रात्री त्याच्या भाकरीला तूप लावलं.

आठवडाभरात पोट निवळायला लागलं. पुढच्या बुधवारी गाडी लावून तो स्टँडमागं गेला, तेव्हा त्यानं मनात सगळं जुळवून ठेवलं होतं. नवा तवा आणि नवी परात आपण आणून द्यायची. आपल्यासाठी पहिली भाकरी थापा म्हणायचं. नाही तर नुसता भात आणि डाळ. अंबूबाई समजूतदार बाई आहे, रागावली असली तरी हसेल. चुकून सापडलेली जागा चुकून जाऊ द्यायची नाही, एवढंच त्याला हवं होतं.

चूल पेटली होती. बाकड्यावर चार जण जेवत होते. त्याला बघताच अंबूबाई उठली. तिनं पदरानं बाकड्याचं टोक पुसलं.

“बसा, साहेब,” ती म्हणाली.

दीड वर्षात तिनं त्याला साहेब म्हटलं नव्हतं.

“अंबूबाई, अहो ऐका ना. नुसता भात द्या. नाही तर तुम्हाला मी नवा तवा...”

“नको, साहेब. घरात समद्याला गव्हाचा हात लागलेला आहा. परत कायतरी व्हायचं. तुमी मोठी गाडी चालवता.” ती आत गेली आणि फळीवरून पाण्याची एक सीलबंद बाटली आणि बटाट्याच्या वेफर्सचं पाकीट घेऊन आली. दोन्ही तिनं त्याच्यापुढं ठेवलं, हात लागणार नाही असं, कडेला धरून.

पुंजा हलक्या आवाजात म्हणाला, “जे लोक तिच्या हातचं खात नाय ना, साहेब लोक, त्यांच्यासाठी ठेवती ती हे.”

अंबूबाईला त्याचा आजार खरंच पटला होता, का मास्तर आणि नर्सबाईंच्या ओळीत तिनं त्यालाही बसवलं होतं, हे बुद्धभूषणला शेवटपर्यंत कळलं नाही. विचारायचं धाडसही झालं नाही. ती ना रागावली होती, ना रुसली होती. पाहुण्याची जशी ठेवावी तशी बडदास्त तिनं ठेवली होती, फक्त त्यातून स्वतःचा हात काढून घेतला होता.

त्यानं पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचली. बटाटा, तेल, मीठ. त्याला चालण्यासारखं होतं. त्यानं पाकीट फोडलं आणि एकेक वेफर खाऊ लागला. पुंजा मान खाली घालून जेवत होता. तव्यावर भाकरी फुगत होती, तिचा वास येत होता. त्यानं पाकिटातला एकही वेफर ठेवला नाही. तळाशी उरलेला चुराही तळहातावर घेऊन खाल्ला. मग उठताना त्याला राहवलं नाही.

“छान होतं, अंबूबाई,” तो म्हणाला.

अंबूबाईनं चुलीतलं लाकूड आत सारलं.

“माझं काय त्यात, साहेब,” ती म्हणाली. “कंपनीचं आहा.”