कोंडाजी पाटलाने बदललेला निकाल

भैरवनाथाच्या जत्रेत दरसाल तेच नाटक व्हायचं आणि त्यातल्या राजाचं काम पोलीसपाटलाच्या घराकडे, हा मान ठरलेला. मग पाटलाला चार वाक्यं पाठ होवोत न होवोत. गेल्या साली घरात सुतक होतं म्हणून नाटकच झालं नाही. यंदाही कोंडाजी पाटलाने नको म्हणून पाहिलं. नाटक बसवणारे बबनराव मास्तर म्हणाले, “मान आहे पाटील, मोडता कसा येईल?” मास्तर हुशार, पण नाटकातला राजा आपल्या पोराला मरणाची शिक्षा सुनावतो, एवढं त्यांनी ध्यानात घ्यायला हवं होतं.

दोन वर्षांपूर्वी पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून कोंडाजीच्या एकुलत्या एका मुलाने, गेनूने, भिमाजीच्या डोक्यात फावड्याचा दांडा घातला. जीव घ्यायचं त्याच्या मनात नव्हतं, पण भिमाजी बांधावरच गेला. गावकी देवळात बसली. भिमाजीच्या विधवा आईला, सरुबाईला, दुसरं कुणी नव्हतं. तिने पोटभर रडून घेतलं आणि म्हणाली, “ह्याला फासावर दिऊन माजं शेत कोण नांगरंल? माजा ल्योक ह्यानं नेला, आता ह्यानंच माजा ल्योक व्हावं.” गेनूने देवासमोर बेलभंडारा उचलून शपथ घेतली आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं. भिमाजी पाय घसरून पडला, असं सांगायचं गावाने ठरवलं.

कोंडाजी त्याच संध्याकाळी चालत चाकणच्या पोलीस ठाण्यात गेला आणि खरी वर्दी देऊन आला. सरकारची पाटीलकी मिरवायची आणि मेलेल्या माणसाबद्दल खोटं सांगायचं, हे त्याला जमेना. दुसऱ्याचा पोरगा असता तर आपण काय केलं असतं, एवढंच त्याने स्वतःला विचारलं. तो चुकला असं कोण म्हणेल? आणि बरोबर होता असं तरी कुठल्या तोंडाने म्हणावं? गेनूला सात वर्षं सक्तमजुरी झाली आणि पहिल्याच पावसाळ्यात तो तुरुंगात तापाने गेला. सरुबाईचं शेत पड राहिलं.

पाटलाची बायको कुशाबाई वर्दी दिल्या दिवसापासून नवऱ्याशी बोलली नव्हती. भाकरी वाढायची, पाण्याचा तांब्या ठेवायची, बस्स. तिने भांडावं, शिव्या द्याव्यात, पण एकदा तोंड उघडावं, एवढंच कोंडाजीला हवं होतं.

उन्हं कलली तशी देवळापुढे माणसं दाटली. कुशाबाई आणि सरुबाई बायकांत एकमेकींना लागून बसल्या होत्या. कोंडाजी कागदी मुकुट घालून उभा राहिला. समोर राजपुत्र झालेला दादू, हात बांधलेला. पिंपरीच्या नव्या कारखान्यातून खाडा करून आलेला, गेनूच्याच वयाचा.

“न्यायापुढे पुत्र नाही,” बबनरावांनी पडद्याआडून वाक्य पुरवलं. मास्तरांनी तेच पुन्हा जरा मोठ्याने सांगितलं. पाटलाने बायकोकडे पाहिलं, मग पुढे होऊन दादूच्या हातांचा दोर सोडायला लागला. गाठ लवकर सुटेना.

“सोडला,” तो म्हणाला. “म्या माज्या पोराला सोडला. त्या म्हातारीच्या पायावर घाला ह्याला. जल्मभर तिचं शेत नांगरू द्या.”

सरुबाईने तोंडात पदर कोंबला. कुशाबाई उठून उभी राहिली. आता बोलेल, आता बोलेल, म्हणून कोंडाजी जीव मुठीत धरून बघत राहिला, आणि ती खरंच बोलली. आवाज मुळीच चढला नाही.

“म्हंजी ह्यो बी न्यावच हाय, हे ठावं व्हतं तुमास्नी,” ती म्हणाली. “तवा बी ठावं व्हतं.”

मग तिने सरुबाईला हाताला धरून उठवलं. माणसांनी वाट करून दिली आणि दोघी सरुबाईच्या घराकडे चालू लागल्या. कुशाबाई त्या दिवसापासून तिथेच राहिली.