भाड्याची विहीण

नाकं मुरडायची असतील तर आत्ताच मुरडून घ्या. मी पैसे घेऊन लोकांची आई होते. लग्नातली आई. निळा रेशमी हानबोक, म्हणजे आमचा सणाचा घागरा-पोलका, नेसायचा, नवऱ्या मुलाच्या बाजूची मेणबत्ती पेटवायची, रुमालाने डोळ्यांचे कोपरे टिपायचे आणि जेवून घरी यायचं. सोलमध्ये ज्यांना आई नाही ते मला बोलावतात, आणि ज्यांना आहे पण चारचौघांत दाखवायची लाज वाटते, तेही बोलावतात. हे दुसरे लोक पैसे बरे देतात.

डॉक्टर सोक जुन-ग्यू मला आधी पहिल्यांतला वाटला. गंगनममध्ये त्याचा दवाखाना, पोरीबाळींच्या पापण्या आणि नाकं दुरुस्त करतो. मला समोर बसवून म्हणाला, "आई वारली माझी."

"अरेरे. कधी?"

"झाली बरीच वर्षं. तुम्ही लिहून घ्या. तुम्ही प्राध्यापकाच्या विधवा आहात, कॅनडात राहून आलात. कमी बोलायचं, कमी खायचं. सूप पिताना आवाज करायचा नाही."

वडील त्याने वारलेलेच राहू दिले. भाड्याचा बाप महाग पडतो, आणि दारू पिऊन बडबडला तर सगळंच मुसळ केरात.

मी म्हातारी, जिभेला हाड नाही. विचारलं, "डॉक्टर, एवढी कमाई तुमची. मग आई भाड्याने कशाला? अनाथ म्हणून उभे राहिलात तरी पोरींची रांग लागेल."

तो हसला. त्याचं हसणंही त्याने स्वतःच दुरुस्त केलेलं असावं, कुठे सुरकुती नाही. "मावशी, या रस्त्यावर दगड मारलात तर डॉक्टरलाच लागेल. कमाईला इथे कोण विचारतं? मुलीकडच्या मेंगांकडे तीन पिढ्या न्यायाधीश झालेत. त्याला श्रीमंती म्हणतात. पैसा काय, मासळीवालीकडेही असतो."

आता आमच्याकडची रीत अशी, की डॉक्टर जावई हवा तर मुलीकडच्यांनी तीन किल्ल्या द्यायच्या. घराची, गाडीची आणि दवाखान्याची. मेंगांनी एकही दिली नव्हती. नुसतं नाव दिलं होतं, आणि ते घेताना हा नाकं कापणारा कमरेत वाकला होता. मी मनात म्हटलं, मोठं घर पोकळ वासा. पण माझं काय जातंय? मी निम्मे पैसे आगाऊ मागून घेतले.

लग्न हॉटेलात होतं, दुपारचं. मेणबत्ती पेटवून झाली, अंगठ्या झाल्या, टाळ्या झाल्या. मेंगबाई, म्हणजे मुलीची आई, गुलाबी हानबोकात माझ्या शेजारी बसून सारखी माझ्या कानाला लागत होती. "विहीणबाई, तुमच्या मुलाने दवाखाना स्वतःच्या हिमतीवर उभा केला हो. आम्हाला एक किल्ली मागितली नाही. असे संस्कार विकत मिळत नाहीत."

"नाही मिळत," मी म्हटलं. भाड्याने मिळतात, हे काही बोलले नाही.

जेवणाआधी मी तोंड धुवायला गेले, तर प्रसाधनगृहात एक बाई माझी वाटच बघत उभी. साठीची, बुटकी, दंड पहिलवानासारखे. अंगात करड्या रंगाचा नवा कोट, आणि हातांची कातडी पांढरीफटक, दिवसभर पाण्यात भिजल्यासारखी. तिने मला वाकून नमस्कार केला.

"ताई, तुम्ही मेणबत्ती छान पेटवलीत. हात अजिबात हलला नाही."

"तुम्ही कोण?"

"मी वोल-सुन. जुन-ग्यूची..." तिने दाराकडे बघितलं. "मी वारलेली."

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं आणि घाम फुटला. मला वाटलं, आता ही झिंज्या धरणार. तर ती आपली माझ्या हानबोकाची गाठ सरळ करत बसली!

वोल-सुन अपगुजोंग वस्तीतल्या सार्वजनिक हमामात लोकांची अंगं घासते. काळी चड्डी-चोळी घालून, खरखरीत हातमोजा चढवून, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. नवरा मेल्यावर तिने तेच केलं. आणि त्या धंद्यात पैसा नसतो असं समजू नका, गिऱ्हाईक बांधलेलं असलं की कारकुनापेक्षा जास्त सुटतो. त्यावर पोरगा डॉक्टर झाला. दवाखान्याची जागा घेतली ती हिनेच. तिसरी किल्ली, दुसरी किल्ली, सगळ्या किल्ल्या हिच्याच मळ काढणाऱ्या हातातून गेलेल्या.

"लग्नाचं तुला त्याने सांगितलं तरी का गं?" मला एकदम अरे-तुरेवर यावंसं वाटलं.

"नाही. मेंगबाईंनी सांगितलं."

"काय?"

"दर आठवड्याला येतात माझ्याकडे. पाठ घासताना बोलतात. डॉक्टर जावई मिळाला म्हणाल्या, नाव सांगितलं, दवाखाना सांगितला. मी म्हटलं, वा. मग म्हणाल्या, विहीण प्राध्यापकाची विधवा आहे." ती हसली. "तेव्हा मला कळलं, मी नाही म्हणून. पाठ मात्र पूर्ण घासली हो. अर्धवट सोडलं नाही."

"आणि तू काही बोलली नाहीस?"

"काय बोलू? त्याचं भलं होतंय. मग त्याला विचारलं, येऊ का? तो म्हणाला, शेवटच्या टेबलावर, भाड्याने आणलेल्या पाहुण्यांत बस."

"आणि मेंगबाईने ओळखलं तर?"

"अंगावर कपडे असले की मला कोण ओळखतंय, ताई?"

मग तिने कोटाच्या खिशातून रेशमी पिशवी काढली. आत सुकी लाल बोरं. लग्नानंतर आतल्या खोलीत नवरा-नवरी सासूला दंडवत घालतात, आणि सासू त्यांनी धरलेल्या कापडात बोरं टाकते. जितकी बोरं झेलली तितकी पोरं, असं म्हणतात. वोल-सुनने एकेक बोर दारूत भिजवलेल्या फडक्याने पुसून आणलं होतं.

"मला दंडवत नको," ती म्हणाली. "फक्त ही बोरं पडू देत त्याच्या कापडात. तुमच्या हातून पडली तरी चालतील. एवढंच करा."

मी धंद्यात कधी रडत नाही. रडण्याचे पैसे वेगळे घेते. पण त्या पिशवीला हात लागल्यावर मी फुकटात डोळे पुसले, आणि मला डॉक्टरचा रागही आला. तिचाही आला. इतकं गरीब गाईसारखं वागायचं काय कारण! मी म्हटलं, "पडतील. शब्द देते."

आतल्या खोलीत जाताना मेंगबाई पुढे, मी मागे. त्यांचा घागरा पाठीमागे उघडला होता, आतलं सगळं दिसत होतं. मी हाक मारणार, तेवढ्यात भिंतीशी उभी असलेली वोल-सुन पुढे आली. तिला बघवलं नसेल. तिने घागऱ्याची घडी ओढली, नाडी आवळली आणि सवयीने मेंगबाईंच्या पाठीवर दोनदा चापट मारली. हमामात अंग घासणारी बाई अशीच मारते. त्याचा अर्थ, झालं, कूस बदल.

आणि मेंगबाई वळल्या की हो! तीन पिढ्यांचे न्यायाधीश बाजूला राहिले, बाई गपकन वळली आणि एक हात वर करून उभी राहिली, काख घासून घ्यायला. मग डोळे मोठे झाले.

"अगंबाई! तू? तू इथे कशी?"

नवरा-नवरी दारात आलेच होते. डॉक्टरचा चेहरा पांढराफटक पडला. माझ्या मनात आलं, बोल बाई, आता तरी बोल. एक शब्द बोल आणि जाळून टाक सगळं.

वोल-सुन कमरेत वाकली. "डॉक्टरसाहेबांकडे फरशी पुसते मी. त्यांनी जेवायला बोलावलं."

"बघा, विहीणबाई!" मेंगबाई आनंदाने माझा दंड धरून म्हणाल्या. "फरशी पुसणारीलाही बोलावलं. किती मोठं मन! आणि ही पाठ काय घासते म्हणून सांगू, तुम्हीही या एकदा. ए, आलीच आहेस तर आत ये. माझा घागरा सावर, मोजे नीट कर."

डॉक्टर म्हणाला, "हो, घ्या ना. तिला सवय आहे."

तिला! मी त्याच्याकडे बघितलं, त्याने घड्याळाकडे.

खोलीत मी पडद्यापुढे बसले. वोल-सुन मेंगबाईंच्या पायांशी गुडघे टेकून त्यांचे पांढरे मोजे ओढत होती. मोजे झाल्यावर मी तिला म्हटलं, "बाई, माझ्या मागे उभी राहा, माझाही घागरा सरकतोय." ती मागे येऊन उभी राहिली. दंडवताची वेळ आली तशी मी पाय आखडल्याचं सोंग करून चांगली हातभर डावीकडे सरकले. आता समोर ती. मनात म्हटलं, वाक मेल्या, वाक आता.

तो थांबला. माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलंच नाही. मग वाकून त्याने आपली उशी उचलली, बायकोची उचलली, दोन्ही माझ्या समोर आणून मांडल्या आणि मला कपाळ जमिनीला लागेपर्यंत दंडवत घातला.

"किती नेमस्त मुलगा आहे," मेंगबाई म्हणाल्या.

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. दोघांनी कापड धरलं. मी बोरांची पिशवी काढली आणि खांदा चोळत म्हटलं, "माझा खांदा आखडलाय हो, विहीणबाई. या बाईच्या हाताला यश दिसतंय. हिलाच टाकू दे."

मेंगबाईंना गंमत वाटली. "टाकू दे, टाकू दे. तिचे दंड बघा!"

वोल-सुनने दोन्ही हात कोटाला पुसले. पिशवीतली सगळी बोरं ओंजळीत घेतली. पहिल्यांदा आणि एकदाच तिने त्याच्या तोंडाकडे सरळ बघितलं, ओठ हलले, काय आशीर्वाद दिला तो तिलाच ठाऊक, आणि तिने ओंजळ सोडली.

डॉक्टरने आपल्याकडचं टोक सोडलं.

मी समोर होते. निसटलं नाही, सोडलं. बोरं कापडावरून घरंगळून सगळ्या खोलीभर गेली. एकही राहिलं नाही. नवरी दचकली. "शी, अपशकुन," मेंगबाई म्हणाल्या. "म्हणून रीत मोडू नये. विहीणबाई, तुम्हीच टाका, हॉटेलची बोरं आहेत ना ताटात."

मी टाकली. काय करणार, उरलेले निम्मे पैसे त्याच्या खिशात होते. हॉटेलची बोरं त्याने घट्ट ताणलेल्या कापडात झेलली, सगळीच्या सगळी, आणि लोक टाळ्या वाजवत जेवायला गेले. तोही गेला.

वोल-सुन रांगत बोरं वेचत होती. मी हानबोक आवरून तिच्याजवळ खाली बसले. "सोड ती. पाहिलंस ना डोळ्यांनी? मुद्दाम सोडलं त्याने. असला पोटचा गोळा कुत्र्याला घालावा."

"नाही हो ताई." तिने एक बोर फुंकून पिशवीत टाकलं. "हात घामेजला असेल. लहानपणापासून त्याच्या हातांना घाम येतो. परीक्षेत पेन सटकायचं, मी बोटांना चिंधी बांधून द्यायचे."

तिने पिशवीची नाडी ओढली. मग एकदम काळजीने माझा हात धरला.

"सुनेला सांगायला हवं हे, रात्री हात कोरडे करून झोपव म्हणून. तुम्ही सांगा ना. तुमचं ऐकेल ती, तुम्ही सासू आहात."