चार किलोचा पितळी गोळा

मित्रांनो, गोळाफेकीचा एक म्हातारा पितळी गोळा तुमच्याशी बोलतो आहे. माझ्या अंगावर '४ किलो' असं कोरलेलं आहे. मेरठच्या कारखान्यात माझ्या पोकळ पोटात शिशाचे बारीक छर्रे भरले, वरून स्क्रू आवळला, आणि तिथून मी थेट नाशिक जिल्ह्यात, पेठकडच्या डोंगरांतल्या एका लहानशा गावच्या पोलीस ठाण्यात येऊन पडलो. ठाण्यात आलो म्हणून दचकू नका, मी काही गुन्हा केला नव्हता. निदान तेव्हा तरी नाही.

ठाण्यामागच्या मैदानावर धनराज हवालदारांनी पाड्यांवरच्या मुलामुलींसाठी पोलीस भरतीचा सराववर्ग सुरू केला होता. पंधरा-सोळा वर्षांची मुलं उजाडताच डोंगर उतरून यायची. आधी धावायची, मग गोळा फेकायची, आणि ऊन चढलं की व्हरांड्यात बसून पंचनामा कसा लिहितात, यात्रेच्या बंदोबस्तात कुठं उभं राहतात, ते शिकायची. रात्रपाळी करून डोळे तांबारलेले असले, तरी हवालदार शिट्टी घेऊन हजर असायचे.

मी मुलींचा गोळा. त्यांनी मला मानेशी टेकवलं, की त्यांच्या गळ्यातले ठोके मला ऐकू यायचे. मग एक झटका, आणि मी हवेत! ते दोन क्षण कसे सांगू? खाली धुकं, धुक्यात चुन्याची पांढरी रेघ, पलीकडे निळे डोंगर. तेवढ्या वेळात मला वाटे, आपण मुळात पक्षीच असणार, चुकून पितळेचे झालो. मातीत धप्पकन पडल्यावरही ते स्वप्न बराच वेळ माझ्या अंगात रेंगाळायचं.

पुढे पुढे मी आणखी लांब जाऊ लागलो. मुली खूश, हवालदार खूश. मला वाटलं, अखेर आपल्याला उडता येऊ लागलं. खरं सांगतो, मी हुरळून गेलो होतो. माझा स्क्रू केव्हाच ढिला होऊन मातीत हरवला होता. भोकात चिखल बसला होता, त्यामुळे ते कुणाला दिसत नव्हतं, पण दर आपटीबरोबर चार-दोन छर्रे गळत होते. मला ते कळत नव्हतं असं नाही. पण हलकं होणं इतकं गोड होतं, की मी तिकडे काणाडोळा केला.

आशा ही वर्गातली सगळ्यांत चिवट मुलगी. सहा मीटरची रेघ ती रोज ओलांडायची. अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर ती नाशिकला भरतीला गेली. तिथे तिचा गोळा रेघेच्या वीतभर अलीकडे पडला, गुण कापले गेले, आणि निवड यादीतलं नाव दोन गुणांनी हुकलं.

परत आल्यावर ती म्हणाली, "सर, तिथला गोळा लय जड होता."

"गोळा सगळीकडे चार किलोचाच असतो," हवालदार म्हणाले. "तू घाबरलीस, म्हणून जड लागला. एवढ्यानं घाबरलीस तर वर्दी कशी पेलणार?"

त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण आशा मान खाली घालून गेली, ती पुन्हा मैदानावर आलीच नाही.

वर्षभरानं वर्गात मोहिनी आली. आईबापांसोबत निफाडकडच्या द्राक्षबागांत दोन हंगाम ती चार-चार किलोच्या पेट्या भरत होती. पहिल्याच दिवशी तिनं मला उचललं, तळहातावर दोनदा खालीवर केलं, आणि फेकायचं सोडून सरळ हवालदारांकडे आणलं.

"सर, हा चार किलोचा नाय."

"त्यावर लिहिलंय बघ."

"लिहू द्या ना. काट्यावर ठेवायच्या आधी माझ्या हाताला कळतं. ह्यात अर्धा किलो कमी हाय."

बाकीची मुलं हसली. हवालदार मात्र मला घेऊन समोरच्या किराणा दुकानात गेले. काट्यावर मी साडेतीन किलोसुद्धा पुरता भरलो नाही. भर दुकानात माझं पितळ उघडं पडलं, मित्रांनो, आणि मला लाजेनं मातीत रुतावंसं वाटलं. हवालदार त्या आकड्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "आशा."

त्याच दुपारी मला पिशवीत घालून ते तिच्या पाड्यावर गेले. आशा अंगणात नागली पाखडत होती. तिची आई लंकाबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. हवालदारांनी पाणी घेतलं नाही. उभ्याउभ्याच म्हणाले, "आशा, तिथला गोळा जड नव्हता. आपला हलका होता. तू खरं सांगत होतीस आणि मी तुला घाबरट ठरवलं. गोळ्याचं वजन मी तपासायला हवं होतं. चूक माझी आहे."

आशाच्या हातातलं सूप थांबलं. "म्हणजे मी घाबरले नव्हते?"

"नाही गं."

"साहेब, ह्या पोरीनं वरीसभर ठाण्यापुढचा रस्ता सोडला," लंकाबाई म्हणाली. "बाजाराला बी लांबच्या वाटेनं जायची."

आशा खूप रडली. मग डोळे पुसून तिनं मला हातात घेतलं. मला वाटलं, आता ही मला दरीत भिरकावणार, आणि तिनं तसं केलं असतं तर माझी तक्रार नव्हती. पण ती म्हणाली, "ह्याला भंगारात नका टाकू, सर. भरून आणा. मी येते."

नाशिकच्या एका वर्कशॉपमध्ये माझं पोट पुन्हा भरलं. जड झाल्यावर मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? उडण्याचं स्वप्न संपलं होतं. मैदानावर आशानं मला मानेशी धरलं, झटका दिला, आणि धुकं, डोंगर नीट दिसायच्या आतच मी खाली आलो, रेघेच्या चांगलं हातभर अलीकडे. कुणी टाळी वाजवली नाही. आशानं टेप लावून अंतर मोजलं आणि हसली. "कमी हाय, पण खरं हाय," ती मोहिनीला म्हणाली, आणि मला उचलून परत वर्तुळात गेली.

मित्रांनो, तुमच्या शाळेतलं जुनं सामान नुसतं पुसून कपाटात ठेवू नका. त्याचं माप अजून बरोबर आहे ना, तेही अधूनमधून बघा. आणि कुणी 'मला हे जड जातंय' म्हणालं, तर त्याला घाबरट म्हणण्याआधी हातातली वस्तू काट्यावर ठेवा. माझे गळालेले छर्रे वर्कशॉपवाल्यानं तासाभरात भरून दिले. आशाचं गेलेलं वर्ष मात्र त्याच्याकडे नव्हतं.