पाच महिन्यांचा खंड

"जंतांच्या गोळीत मध्ये खंड पडला होता का कधी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली.

इतक्या चटकन म्हणाली, की तिचं तिलाच नवल वाटलं. टेबलाच्या गार पत्र्यावर त्यांचा कुत्रा, भोंगा, चारी पाय ताठ करून उभा होता. पिल्लू असताना कारखान्याच्या भोंग्यासारखा ओरडायचा, म्हणून ते नाव पडलं. आता नऊ वर्षांचा झाला, आवाज बसला, नाव तेवढं उरलं. नवरा त्याची मान छातीशी धरून उभा होता आणि हळूहळू त्याचा कान चोळत होता.

"दर महिन्याला न चुकता?"

"एक तारखेला. हे देतात ना." तिनं नवऱ्याकडे हनुवटी केली. "चुकायचे नाहीत."

नवरा भोंग्याचा कान चोळतच राहिला.

चुकायचा नाहीच तो. बस आगारात एकतीस वर्षं टाइमकीपर होता. कुठली गाडी कधी सुटली, कधी आली, कोण ड्रायव्हर दोन मिनिटं उशिरा आला, सगळं त्याला तोंडपाठ. सूर्याला एखाद दिवशी उशीर होईल, पण यांच्या पहिल्या गाडीला नाही, असं लोक म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी त्यानं दूध गॅसवर ठेवलं आणि फिरायला निघून गेला. मग किल्ल्या. मग धाकट्या मेहुण्याचं नाव. मोठ्या डॉक्टरांनी त्या आजाराला एक लांबलचक नाव दिलं. तिनं ते एकदा कागदावर वाचलं आणि पुन्हा म्हणून तोंडातून काढलं नाही. एकेक करून घरातली कामं तिनं त्याच्या हातातून काढून घेतली. गॅस, बँक, गिरणीतून पीठ आणणं. भोंग्याची महिन्याची गोळी तेवढी ठेवली. माणसाला घरात काहीतरी आपलं असावं.

आणि मंगळवारी त्याचा आगाराचा जुना कोट उन्हात टाकायला काढला, तर वरच्या खिशात गोळ्या. पाच. पाकिटाची एकेक चौकट कात्रीनं नीट कापलेली, आत गोळी जशीच्या तशी. कॅलेंडरवर मात्र पाचही महिन्यांच्या एक तारखेला पेन्सिलीची बारीक खूण. ती कितीतरी वेळ गॅलरीत कोट घेऊन उभी होती. मग गोळ्या परत खिशात टाकल्या आणि कोट होता तिथं टांगला. बावीस वर्षं औषधांच्या दुकानात उभं राहून ती गावाला सांगत आली होती, सकाळी एक, रात्री एक, मध्येच बंद करू नका हं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

त्यात चार दिवसांपासून भोंगा खोकत होता.

"कसंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. वयानं लहान, पण बोलणं शांत. "हे जंत डासांमधून येतात. डास चावला की त्यांची पिल्लं अंगात शिरतात, आणि सहा-सात महिन्यांत हृदयाच्या नळ्यांमध्ये वीतभर वाढतात. गोळी त्या पिल्लांना मारते. पण आत आधीच जंत झाले असतील आणि आपण तसंच औषध चालू ठेवलं, तर त्याच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून खोदून विचारते. खंड नसेल तर आजच पुढची गोळी देऊ आणि खोकल्याचं वेगळं बघू."

खरं बोलावं तर कुणादेखत? हे तर समोरच उभे.

"गोळीशिवाय दुसरं काही असतं का?" तिनं विषय वळवला.

"असतं की. मानेवर सोडायचे थेंब असतात, तेही दर महिन्याला. नाहीतर इंजेक्शन, ते वर्षातून एकदाच. ते मीच देणार, घरी लक्षात ठेवायची भानगड नाही. प्रत्येकाचं बरं-वाईट असतंच. तुमच्या घरात कुणाला काय जमतं, त्यावर ठरवायचं." त्यांनी फाइल उलटली. "मागच्या वर्षीचं कार्ड दिसत नाही. बाहेर काउंटरवर असेल. आणता?"

ती बाहेर आली. काउंटरवरच्या मुलीनं कार्ड शोधून दिलं. पाय जड झाले होते; सकाळी नऊपासून ती दुकानात उभीच होती. परत येताना अर्धवट लोटलेल्या दारापाशी तिला नवऱ्याचा आवाज ऐकू आला. हल्ली तो बाहेरच्या माणसाशी आपणहून बोलत नसे. ती जागच्या जागी थांबली.

"डॉक्टर, खंड पडलाय."

"किती?"

"पाच तरी. मी गोळी काढतो, कॅलेंडरवर खूण करतो. मग दिली की नाही, ते काही सांगता येत नाही. कोटाच्या खिशात सापडल्या मला मागं. परत तिथंच ठेवल्या." त्यानं आवाज खाली आणला. "हिला सांगू नका. तिला वाटतं, एवढं तरी मला जमतं."

तिनं भिंतीला हात टेकला. कुणीतरी मांजर असलेली टोपली घेऊन गेलं, त्यांना वाट दिली. ओढणीच्या टोकानं तोंड पुसलं आणि मगच दार ढकललं.

"डॉक्टर," कार्ड पुढे करत ती म्हणाली, "मघाशी मी चुकीचं सांगितलं. पाच महिने गोळी गेलेली नाही."

नवऱ्यानं दचकून मान वर केली.

"माझ्याकडून राहिली," ती म्हणाली. "गोळ्या आणून यांच्या हातात मीच देते. मधे दुकानात कामाचा रेटा होता, विसरूनच गेले. हे काय करणार, हातात गोळीच नाही तर."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. कार्ड घेतलं, उघडलंसुद्धा नाही.

"बरं," त्या म्हणाल्या. "कुणाकडून का राहिना. आता आधी रक्त बघायचं."

रक्त काढताना भोंग्यानं एकदाच कुईं केलं. दहा मिनिटं लागतील म्हणून दोघं बाकावर बसली. समोर टेबलावर बोटभर लांबीची पांढरी पट्टी ठेवली होती. एक रेघ आली तर ठीक, दोन आल्या तर जंत. दुकानात अशा कितीतरी पट्ट्या तिनं लोकांना विकल्या होत्या. घेणाऱ्यांचे चेहरे असे का होतात, ते आज कळलं. भोंगा नवऱ्याच्या बुटावर हनुवटी टेकून निजला होता.

"तू विसरलीस?" नवऱ्यानं हळूच विचारलं.

"विसरले."

"असं कसं?"

"माणूस आहे. होतं."

मग त्यानं तिच्या मांडीवरची पिशवी उचलून आपल्याकडे घेतली. तिनं घेऊ दिली.

"एकच रेघ," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण निर्धास्त होऊ नका. अलीकडच्या महिन्यांत काही शिरलं असेल तर ते इतक्यात दिसत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा बघायला लागेल. खोकला घशाचा वाटतोय, औषध लिहून देते. आता पुढचं काय करायचं? गोळी, थेंब की इंजेक्शन?"

इंजेक्शन म्हणावं, तर त्याचं शेवटचं काम तिच्या तोंडून जाणार. गोळी म्हणावं, तर या मुक्या जिवाशी खेळ.

"इंजेक्शन द्या," नवरा म्हणाला. आगारात गाडी सोडायचा तेव्हाचा आवाज होता तो, तिनं कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. "हिच्या मागं व्याप फार. दुकान, घर, माझं सगळं. दर महिन्याला कुठं लक्षात ठेवणार ती?"

"खरंय," ती म्हणाली. "माझ्या नाही लक्षात राहत."

इंजेक्शन देताना त्यानंच भोंग्याला धरलं. डॉक्टरीणबाईंनी पुढची तारीख कार्डावर लिहिली आणि क्षणभर घुटमळून कार्ड त्याच्या हातात दिलं. त्यानं ते वाचलं, घडी केली आणि तिच्या पर्समध्ये ठेवलं.

बाहेर संध्याकाळ उतरत होती. दुकानांचे दिवे लागत होते. पट्टा नवऱ्याच्या हातात होता, ती एक पाऊल मागून चालत होती. कोपऱ्यावर घर डावीकडे. तो उजवीकडे वळला, आगाराच्या रस्त्याला. भोंग्यानं चार पावलं त्याच्यासोबत टाकली आणि रस्त्यातच बसकण मारली. ओढलं तरी उठेना. मागून येणारा सायकलवाला घंटी वाजवून वळसा घालून गेला.

नवरा उभा राहिला. त्यानं पुढं पाहिलं, मागं पाहिलं, समोरच्या पाट्या एकेक करून वाचल्यासारख्या पाहिल्या. पाय ठणकत होते, तरी ती नुसती उभी राहिली.

"म्हातारा झाला हा," शेवटी तो भोंग्याकडे बघत म्हणाला. "हल्ली रस्ता चुकतो."

"हो," ती म्हणाली. "वय झालं त्याचं."

"चल रे," त्यानं पट्टा सैल सोडला. भोंगा उठला, अंग झाडलं आणि डावीकडे वळला. त्याच्यामागून नवरा, ताठ मानेनं, एका हातात पट्टा आणि दुसऱ्या हातात तिची पिशवी घेऊन.