सही करणाऱ्या हातातली अंगठी

मी एक अंगठी आहे. लग्नाची नव्हे, आणि हौसेची तर नव्हेच. माझ्यात जांभळा खडा आहे आणि मी बिशपच्या उजव्या हातात असते. बिशप बदलतात, मी तीच राहते. माझी मालकी कुणाची असं विचाराल तर मी धर्मप्रांताची, म्हणजे आसपासच्या सगळ्या गावांतल्या चर्चच्या मंडळ्यांची मिळून. थोडक्यात, कुणा एकाची नाही.

चर्चमधल्या बायकांनी घरातलं मोडकं सोनं गोळा करून माझ्यासाठी दिलं होतं. कुणाची तुटकी साखळी, कुणाचं जोडीदार हरवलेलं कानातलं. सोनाराला त्या म्हणाल्या, जाड कर, पिढ्यान् पिढ्या टिकली पाहिजे. तो म्हणाला, ही टिकेल हो, बोटांचं मी कसं सांगू?

माझा पहिला बिशप अंगाने एवढा भारी, की उन्हाळ्यात साबण लावूनसुद्धा मी निघत नसे. दुसरा बैठक लांबली की मला अंगठ्याने गोल गोल फिरवत बसे. त्याच्या बैठका नेहमीच लांबत. तिसऱ्याची गोष्ट मात्र मला सांगायची आहे. त्याला सगळे साहेब म्हणत, म्हणून मीही तसंच म्हणते.

साहेब उंच, किडकिडीत, एका लहानशा मंडळीचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, होते. ते बिशप होतील असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. बिशप मतांनी निवडला जातो. पाळकांची मतं वेगळी, मंडळ्यांनी पाठवलेल्या प्रतिनिधींची वेगळी, आणि दोन्हींकडे बहुमत लागतं. त्या वेळी पाळकांना एक उमेदवार हवा होता, प्रतिनिधींना दुसरा, आणि कुणीच मागे हटेना. शेवटी कंटाळून कुणीतरी साहेबांचं नाव घेतलं. घरी येऊन ते बायकोला म्हणाले, "मी कुणालाच नकोसा नव्हतो, एवढ्यावर निवडून आलो."

"बऱ्याच जणांची लग्नंही अशीच जमतात," ती म्हणाली.

ही त्यांची बायको पूर्वी शाळेत भूगोल शिकवायची. गाव तिला बाई म्हणायचं, आणि बिशपची बायको झाल्यावरही ती बाईच राहिली.

लोकांना वाटतं बिशप म्हणजे राजा. तसं नसतं. वर्षातून एकदा धर्मप्रांताची परिषद भरते, तिथे पाळक आणि प्रतिनिधी ठराव करतात. एरवी कार्यकारी समिती काम बघते. बिशपच्या हाताखाली आर्चडीकन असतो, तो पाळकांवर आणि इमारतींवर लक्ष ठेवतो. कायद्याचं सांगायला वकील असतो. पण परिषदेचा ठराव बिशपच्या संमतीशिवाय लागू होत नाही, आणि कुठल्या पाळकाला कुठे नेमायचं, कुणाची नेमणूक काढून घ्यायची, ते बिशपच्या सहीशिवाय होत नाही. इतक्या माणसांच्या इतक्या बैठका, आणि सगळं शेवटी येऊन थांबतं ते मी जिथे आहे त्या हाताशी.

साहेबांना त्याची जाणीव होती. कुणाच्या बदलीचा कागद आला की ते आर्चडीकनना विचारत, याच्या मुलांच्या परीक्षा कधी आहेत, बायकोची नोकरी कुठे आहे. आर्चडीकन हुशार आणि कामाला वाघ. त्यांना या चौकशांचा वैताग यायचा, पण ते उत्तरं शोधून आणायचे.

या पाळकांमध्ये एक होता, त्याला साहेब धाकट्या म्हणत. शिकाऊ असताना तो त्यांच्याच घरी राहिला होता, बाईंच्या हातचं जेवला होता. चारचौघांत तो त्यांना साहेब म्हणायचा, घरी आला की दादा आणि वहिनी. त्याची मंडळी घाटाच्या पायथ्याशी होती. लहान, गरीब, पण दर रविवारी भरलेली.

साहेबांना काहीतरी होतंय हे मला प्रथम कळलं ते त्यांच्या सहीवरून. पेन कागदावर येऊन थांबायचं. हात वाट बघायचा आणि वरून काही येतच नसे. मग एकदम घाईने सही व्हायची, उशीर झालेल्या माणसाने जिना उतरावा तशी.

पुढे एका चर्चमध्ये मुलामुलींचा दृढीकरण विधी होता. त्यात बिशप एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना म्हणतात. साहेबांनी एका मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, प्रार्थना म्हटली, आणि पुन्हा तिच्याच डोक्यावर ठेवला. मग तिसऱ्यांदा. मुलीने डोळे उघडून वर बघितलं. शेजारी उभ्या असलेल्या आर्चडीकननी साहेबांचं कोपर हलकेच धरलं आणि त्यांना पुढच्या मुलापाशी नेलं. मुलीची आई डोळे पुसत होती. आपल्या लेकीला खास आशीर्वाद मिळाला असं तिला वाटलं होतं.

बाईंना हे आधीपासून माहीत होतं. एका सकाळी साहेबांनी त्यांना अगदी सौजन्याने विचारलं होतं, आपण कुणाकडे उतरलोय? त्या म्हणाल्या, आपल्याच घरी. मग स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ नळ सोडून उभ्या राहिल्या.

मग एकदा आर्चडीकन आणि वकीलसाहेब घरी आले. साहेब खिडकीपाशी बसले होते. त्यांच्यासमोरच, पण ते तिथे नसल्यासारखं, बोलणं झालं. वकीलसाहेबांनी सांगितलं की बिशप काम करू शकत नाहीत असं जाहीर केलं तर बिशपच्याही वरच्या आर्चबिशपना कळवावं लागेल, चौकशी होईल, नवा बिशप निवडेपर्यंत ना नेमणुका होतील ना निर्णय. साहेबांची निवृत्ती पुढच्या वर्षी होतीच. आर्चडीकन म्हणाले, तोवर आपण सांभाळून घेऊ. मी काय माझ्यासाठी करतोय का?

ते खोटं बोलत नव्हते. निदान त्या दिवशी तरी नाही. काम थांबणं हेच त्यांना सगळ्यात मोठं पाप वाटत होतं.

बाईंना दुसरीच काळजी. ते घर पदाचं होतं, पद गेलं की घर जाणार. त्याहीपेक्षा, साहेबांनी मानाने निरोप घेऊन निघावं, लोकांच्या कीव करणाऱ्या नजरांतून नाही, एवढं त्यांना हवं होतं. त्या म्हणाल्या, "त्यांना चारचौघांत फार बोलायला लावू नका."

आर्चडीकन म्हणाले, "तुम्हीही कुणाशी बोलू नका."

तेव्हापासून कागद सरळ साहेबांच्या पुढ्यात येऊ लागले. आर्चडीकन बोट ठेवायचे, साहेब तिथे सही करायचे. सुरुवातीला विचारत, हे काय आहे? उत्तर यायचं, नेहमीचंच. हळूहळू विचारणंही बंद झालं.

त्याच सुमारास कार्यकारी समितीने ठरवलं की घाटाखालची मंडळी शहरातल्या मोठ्या मंडळीत मिळवायची आणि तिथलं चर्च बंद करायचं. धाकट्याने ही सूचना उपासनेत वाचून दाखवायला नकार दिला. शहरापर्यंत यायला गाडीभाडं कुणाकडे आहे, असं तो म्हणाला. समितीने त्याला बोलावून घेतलं. तो उभा राहून म्हणाला, साहेबांनी स्वतः सांगावं, मी ऐकतो. साहेब त्याच्याकडे बघून हसले. ओळखीचं, मायेचं हसू. आर्चडीकन म्हणाले, साहेबांनी सांगितलंय.

थोड्याच दिवसांत त्याची नेमणूक काढून घेणारा आदेश टेबलावर आला. कारण लिहिलं होतं, आज्ञाभंग. पेन हातात घेतलं आणि साहेब थबकले. त्यांनी त्याचं नाव मोठ्याने वाचलं. म्हणाले, "चांगला मुलगा आहे."

"हो, साहेब," आर्चडीकन म्हणाले. त्यांचं बोट कागदावरून हललं नाही.

साहेबांनी सही केली. अगदी मनापासून, मुलाचं भलं करावं तशी. मी त्या हातात होते.

एका दुपारी धाकटा घरी आला. अंगात साधा सदरा, पाळकाची कॉलर नव्हती. बाईंना आदेशाचं काहीच माहीत नव्हतं. साहेबांनी मात्र त्याला लगेच ओळखलं. उठून त्याचे हात आपल्या दोन्ही हातांत घेतले, इतके घट्ट की मी त्याच्या बोटांत रुतले.

"ये, धाकट्या. तुझी मंडळी काय म्हणते?"

"मंडळी तुम्ही काढून घेतलीत, दादा."

साहेब हसले. त्यांना ती थट्टा वाटली. त्याला बसवलं, स्वतः बसले, आणि त्याच सुरात म्हणाले, "तुझी मंडळी काय म्हणते?"

धाकट्याने बाईंकडे बघितलं. तो भांडायची तयारी करून आला होता, ते सगळं त्याच्या चेहऱ्यावरून उतरताना मी बघितलं. मग त्याने हळू आवाजात कधीपासून ते विचारलं, बाईंनी सांगितलं. आदेशावरच्या सहीचं त्याच्याकडून कळल्यावर त्या खुर्चीत बसल्या त्या उठेचनात. तो म्हणाला, हे परिषदेत सांगावं लागेल. त्या म्हणाल्या की तू सांगितलंस तर तुझं काहीच चुकणार नाही, पण त्यानंतर लोक यांच्याकडे कसे बघतील ते रोज मला बघावं लागेल.

"आणि माझ्या लोकांना काय सांगू, वहिनी? बिशपनी तुम्हाला सोडलं म्हणून?"

साहेब त्याला पुन्हा पुन्हा बस म्हणत होते, तो बसलेलाच होता. निघताना तो वाकला. साहेबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वादाची पूर्ण प्रार्थना म्हटली. एक शब्द चुकला नाही.

परिषद भरली. साहेब अध्यक्षांच्या खुर्चीत, शेजारी आर्चडीकन आणि वकीलसाहेब. बाई पाहुण्यांच्या रांगेत होत्या. पाहुण्यांना बोलायचा हक्क नसतो. नेमणूक गेल्याने धाकट्यालाही आता तो हक्क नव्हता, तो मागे दाराशी उभा होता. त्याने बाईंना काही वचन दिलं नव्हतं, पण तो काही बोलणार नाही हे त्याच्या खाली घातलेल्या मानेवरून दिसत होतं.

घाटाखालच्या मंडळीची प्रतिनिधी एक म्हातारी होती. ती उठली आणि विचारलं, आमच्या पाळकांना का काढलं? आर्चडीकन म्हणाले, शिस्तीची बाब आहे, तो बिशपचा अधिकार आहे.

"मग बिशपनीच सांगावं," ती म्हणाली, आणि खाली बसलीच नाही.

साहेबांना प्रश्न आपल्याला आहे एवढं कळलं. आर्चडीकननी अडवायच्या आत ते उठले. म्हणाले, "तो तिथे फार चांगलं काम करतोय. त्याला हलवू नका."

आर्चडीकन म्हणाले की साहेब दमलेत, त्यांना प्रश्न नीट कळला नाही. त्यांनी आदेश पुढे करून सही दाखवली. साहेबांनी वाकून ती बघितली.

"सही माझी आहे," ते प्रामाणिकपणे म्हणाले. "पण मी ती का केली ते आठवत नाही."

तेव्हा बाई उभ्या राहिल्या. आर्चडीकन म्हणाले, पाहुण्यांना बोलता येत नाही.

"बोलू नका म्हणालात म्हणून इतके महिने गप्प बसले," बाई म्हणाल्या. वर्गात बोलत असतील तसा सरळ आवाज होता. "यांना आज वार कोणता ते सांगता येत नाही. मला माहीत होतं. तुम्हालाही माहीत होतं." आणि त्या खाली बसल्या.

तुम्हाला वाटेल, पुढे न्याय झाला. मलाही तसंच वाटलं होतं. आर्चबिशपनी माणसं पाठवली, डॉक्टरांनी तपासलं, साहेब निवृत्त झाल्याचं जाहीर झालं. निरोपाचा समारंभ झाला नाही. मग समितीपुढे प्रश्न आला, त्या महिन्यांतल्या सह्यांचं काय? वकीलसाहेबांनी मत दिलं की बिशप अक्षम ठरेपर्यंत त्यांची प्रत्येक सही खरीच धरावी लागेल. एक खोटी म्हटली तर सगळ्याच नेमणुका, पाळकांचे सगळे दीक्षाविधी संशयात येतील. समितीला ते पटलं. घाटाखालच्या चर्चला कुलूप लागलं. धाकटा परक्या गावात एका शाळेत शिकवतो, असं ऐकते. आणि कठीण काळात धर्मप्रांताचा भार वाहिल्याबद्दल आर्चडीकनच्या आभाराचा ठराव मंजूर झाला.

घर रिकामं करायच्या दिवशी वकीलसाहेब मला न्यायला आले. साहेबांचं बोट इतकं रोडावलं होतं की मी गळून पडू नये म्हणून बाईंनी माझ्या खालच्या बाजूला दोरा गुंडाळला होता. वकीलसाहेबांना बघून साहेबांनी हस्तांदोलनासाठी हात पुढे केला. बाईंनी तो हात मध्येच आपल्या हातात घेतला आणि मला काढलं. बोटावर पांढुरका वळ राहिला. साहेब तो अंगठ्याने चोळत राहिले.

"इथे काय होतं?" त्यांनी विचारलं.

"काम होतं," बाई म्हणाल्या. "संपलं."

आता मी वकीलसाहेबांच्या कपाटात एका डबीत आहे. बाहेर नव्या निवडणुकीची बोलणी चाललेली ऐकू येतात. आर्चडीकनचं नाव सगळ्यात पुढे आहे. त्यांचं बोट जाड आहे, सोनाराकडे नेऊन मला मोठं करून घ्यावं लागेल. बोट निवडणं माझ्या हातात नाही, ते तुमच्या मतांवर आहे.

एवढंच मागते. उद्या ज्याच्या हातात मला बघाल त्याच्यापुढे मान झुकवा, न झुकवा, पण त्याची सही तुमच्यापर्यंत आली तर त्याच्याकडे जा आणि विचारा, "साहेब, हे तुम्ही वाचलंत का?" आणि उत्तर त्याच्याच तोंडून ऐका. शेजारच्याच्या नाही.